सिलिकॉनची घडणावळ

वस्तूचा आकार जसाच्या तसा ठेवायचा आणि तिच्यातलं द्रव्य मात्र बदलून टाकायचं, हा रसायनशास्त्राचा जुनाच नाद. पण ज्या वस्तूची भोकं केसाच्या जाडीपेक्षा हजारो पटींनी बारीक आहेत, तिच्यावर हा प्रयोग करणं ही साधारण गेल्या पाव शतकातली गोष्ट. सुरुवात बहुधा ऑक्साइडपासून होते. सिलिका, ॲल्युमिना, टिटॅनिया यांना नेमक्या मापाची छिद्रं पाडायला माणूस शिकला आहे. सिलिकाच्या बाबतीत तर डायाटम नावाची एकपेशीय शेवाळं हे काम कोट्यवधी वर्षं करत आली आहेत. सिलिकॉन, नायट्राइड, सल्फाइड यांना तशी छिद्रं स्वस्तात आणि हव्या त्या आकारात पाडता येत नाहीत. म्हणून आधी ऑक्साइडचा सांगाडा उभा करायचा आणि मग त्याचं दुसरं काहीतरी करायचं.

आमच्या घरात या विषयावर दोन तट आहेत. माझ्या मेहुणीची उभी हयात रासायनिक कारखान्यांत भट्ट्या आणि ॲसिडच्या टाक्या सांभाळण्यात गेली. माझा मुलगा मटेरियल सायन्समध्ये संशोधन करतो. दोघांची खडाजंगी व्हायला निमित्त लागत नाही. या वेळी ते गोंदियाकडून आलं. तिथल्या माझ्या चुलतभावाची धानगिरणी आहे. तुसाच्या राखेतून बॅटरीचं सिलिकॉन निघतं, असं त्याच्या कानावर आलं आणि त्याने राखेची पिशवी पाठवून दिली. पुढचं बोलणं मी जमेल तसं टिपून घेतलं आहे. अधेमधे तोंड खुपसलं आहे, ते माझं.

मावशी: ही राख? काळी कुळकुळीत आहे. बॉयलरची दिसते. यात कोळसा किती, सिलिका किती आणि त्यातली स्फटिक झालेली किती, हे कळल्याशिवाय पुढचा शब्द बोलायचा नाही.

भाचा: ही वापरायचीच नाही गं. तुसं आधी पातळ ॲसिडमध्ये धुवायची, म्हणजे पोटॅशियम निघून जातं. ते राहिलं तर जळताना सिलिका वितळून चिकटते आणि कोळशाचे कण तिच्यात अडकून बसतात. धुतलेली तुसं सहाशे-सातशे अंशांवर सावकाश जाळली की अशी राख मिळते. ही बघ.

त्याने खिशातून छोटी बाटली काढली. आतली राख पांढरीशुभ्र होती, आणि राख म्हणावी तर प्रत्येक तूस अजून तुसासारखंच दिसत होतं. भिंगाखाली धरल्यावर पाठीवरच्या बारीक उंचवट्यांच्या ओळीही स्पष्ट दिसल्या, नांगरलेल्या तासांसारख्या समांतर. धानाचं रोप जमिनीतून सिलिका ओढून घेतं आणि तुसाच्या बाहेरच्या थरात साठवतं. जाळल्यावर सेंद्रिय भाग निघून जातो आणि हा सांगाडा तेवढा उरतो. फुंकर मारली असती तर उडाला असता.

भाचा: याच्या आत काही नॅनोमीटरची छिद्रं आहेत. आता मॅग्नेशियमबरोबर बंद पोलादी नळीत घालून साडेसहाशे अंशांवर तापवायची. मॅग्नेशियमची वाफ छिद्रांतून आत शिरते आणि सिलिकातला ऑक्सिजन काढून घेते. उरतं सिलिकॉन आणि मॅग्नेशियम ऑक्साइड, एकमेकांत गुंतलेले. ऑक्साइड ॲसिडमध्ये विरघळवला की सिलिकॉनची जाळी हातात. डायाटमच्या कवचांवर जॉर्जिया टेकमधल्या केन सँडहेज यांच्या गटाने हे करून दाखवलं, २००७ मध्ये ‘नेचर’मध्ये आलं. कवचाची नळकांडी, तिच्यावरची भोकं, कडेचे काटे, सगळं तसंच्या तसं, फक्त सिलिकॉनचं. वर आणखी नवी छिद्रं. एका ग्रॅमला पाचशे चौरस मीटरहून जास्त पृष्ठभाग!

मावशी: क्रिया नवीन नाही. वाळू आणि मॅग्नेशियम तापवून सिलिकॉन काढणं एकोणिसाव्या शतकातलं आहे.

भाचा: क्रिया जुनीच आहे. आकार टिकवणं नवीन. कारखान्यात सिलिकॉन कसं करतात? विजेच्या भट्टीत गारगोटी आणि कोळसा, दोन हजार अंशांच्या आसपास. तिथे सिलिकॉन वितळलेलं असतं, आकाराचं नावच नको. ते वितळतं १४१४ अंशांना. आम्ही त्याच्या निम्म्या तापमानालाही जात नाही.

मावशी: भट्टीचा काटा साडेसहाशे दाखवतो म्हणून आतही साडेसहाशे आहे, असं कोणी सांगितलं तुला? ही क्रिया स्वतःच पेट घेते. एक किलो सिलिकॉन तयार होताना दहा हजार किलोज्यूलच्या वर उष्णता बाहेर पडते. तू ग्रॅमभर घेतोस, ती नळीच्या भिंतीतून निघून जाते. किलोचा ढीग घे, मग बघ. मध्यभागी हां हां म्हणता चौदाशेच्या वर गेलं की तुझी जाळी वितळून गोळा. वरून मॅग्नेशियम सगळीकडे सारखं पोचत नाही. जास्त पडलं तिथे मॅग्नेशियम सिलिसाइड, कमी पडलं तिथे मॅग्नेशियम सिलिकेट. सिलिसाइड ॲसिडमध्ये पडलं की काय होतं, बघितलंयस ना?

भाचा: (हसून) फट् फट्. बुडबुडा वर आला की फुटतो आणि ठिणगी उडते. सिलेन वायू, हवा लागली की आपोआप पेटतो.

मावशी: चंचुपात्रात मजा वाटते. हजार लिटरच्या टाकीत नाही वाटत.

भाचा: त्यावर उपाय आहे. मीठ. साधं खायचं मीठ सिलिकात मिसळायचं, कधीकधी दहापट वजनाचं. ते ८०१ अंशांना वितळतं, आणि वितळताना उष्णता पिऊन घेतं. आतलं तापमान त्याच्या वर सहजासहजी चढत नाही. शेवटी पाण्याने धुऊन टाकायचं.

मावशी: म्हणजे किलोभर सिलिकासाठी दहा किलो मीठ तापवायचं, वितळवायचं, धुवायचं, आणि परत वापरायचं तर पाणी आटवायचं. बरं, तेही चालेल. ॲसिडचा हिशेब केलास का?

इथे तिने माझ्या टेबलावरचं लग्नपत्रिकेचं पाकीट उलटं केलं आणि त्यावर गणित मांडलं. मी ते जपून ठेवलं आहे, कारण अशा चर्चेत वजनं कोणी बोलत नाही. एक किलो सिलिकॉन हवं तर, काहीही वाया जात नाही असं धरून, सिलिका २.१४ किलो, मॅग्नेशियम १.७३ किलो. निघणार मॅग्नेशियम ऑक्साइड २.८७ किलो, म्हणजे मालाच्या जवळजवळ तिप्पट. तो विरघळवायला बाजारात मिळतं तसं तेहतीस टक्क्यांचं हायड्रोक्लोरिक ॲसिड पंधरा-सोळा किलो. शिवाय राहून गेलेली सिलिका काढायची तर प्रयोगशाळेत हायड्रोफ्लोरिक ॲसिड वापरतात. त्याचं नाव निघालं आणि तिचा आवाज बदलला. हे ॲसिड कातडीवर पडल्यावर लगेच चटका बसेलच असं नाही. आत मुरतं, रक्तातलं कॅल्शियम धरून ठेवतं आणि हृदयापर्यंत जातं. ते हाताळायचं तिथे कॅल्शियम ग्लुकोनेटच्या मलमाची ट्यूब हाताच्या अंतरावर ठेवतात. ही ट्यूब जिथे लागते ती प्रक्रिया गिरणीच्या आवारात न्यायची नाही, हा तिचा नियम.

भाचा: हायड्रोफ्लोरिक टाळता येतं. क्रिया पूर्ण झाली तर गरजच नाही. आणि तू ज्याला कचरा म्हणतेस तो मॅग्नेशियम ऑक्साइडच छिद्रं घडवतो. आकारमान बघ. क्रिया संपल्यावर त्या मिश्रणात ऑक्साइड पासष्ट टक्के, सिलिकॉन पस्तीस. पासष्ट टक्के धुऊन काढले की तेवढी पोकळी. ती पोकळीच तर पाहिजे! बॅटरीत ग्रॅफाइट एका ग्रॅमला ३७२ मिलिअँपिअर-तास धरतं, सिलिकॉन साडेतीन हजारांच्या वर. पण लिथियम पिताना ते फुगून जवळजवळ चौपट होतं आणि फुटतं. आत मोकळी जागा असेल तर आतल्या आत फुगेल. २०१३ मध्ये कोरियातल्या काइस्ट संस्थेच्या लोकांनी नेमकं हेच केलं, आणि तेही धानाच्या तुसापासून.

मावशी: आता माझं ऐक. मॅग्नेशियम कुठून येतं?

भाचा: चीनमधून, बहुतेक सगळं.

मावशी: चीनमध्ये कशापासून करतात? डोलोमाइट भाजायचा, त्यात फेरोसिलिकॉनची पूड मिसळायची, पोलादी नळ्यांत भरून निर्वातात बाराशे अंशांपर्यंत तापवायची. सिलिकॉन ऑक्सिजन घेतं, मॅग्नेशियम वाफ होऊन थंड टोकाला जमतं. पिजन नावाच्या कॅनेडियन माणसाने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बसवलेली पद्धत. आता समीकरण लिही. दोन मॅग्नेशियमला किती सिलिकॉन लागतं?

भाचा: एक.

मावशी: आणि तुला एक सिलिकॉन काढायला किती मॅग्नेशियम लागतं?

तो जरा थांबला. मग म्हणाला, “दोन.”

मावशी: म्हणजे विजेच्या भट्टीत आधी एक किलो सिलिकॉन केलं. किलोला अकरा ते तेरा युनिट वीज खाल्ली. ते जाळून मॅग्नेशियम केलं. ते मॅग्नेशियम वाळूवर जाळून परत एक किलो सिलिकॉन काढलं. तेसुद्धा कुठे काही वाया गेलं नाही तर. सोनाराकडे एक तोळा सोनं नेलं आणि एक तोळ्याचाच दागिना आणला, अशी गोष्ट झाली. दिली ती फक्त घडणावळ. धानाच्या तुसातून सिलिकॉन ‘मिळालं’ म्हणून नाचू नकोस. ते कुठल्याशा भट्टीतून आलं, तुसाने फक्त साचा पुरवला.

मला वाटतं, त्या दिवशीच्या बोलण्यात एवढं एकच वाक्य असं होतं की ते ऐकल्यावर विषयच दुसरा झाला. या रूपांतराची वर्णनं वाचताना नेहमी असं वाटतं की शेतातल्या कचऱ्याचं मौल्यवान द्रव्य झालं. द्रव्य मौल्यवान झालं हे खोटं नाही; पण ऑक्सिजन सोडवून घेण्याची किंमत कुठेतरी, कोणीतरी, कोळशाने आणि विजेने आधीच मोजलेली असते. मॅग्नेशियम ती फक्त इकडून तिकडे वाहून आणतं. विकत घेतला जातो तो आकार. मग प्रश्न उरतो, आकाराला किती मोजायचं. चिरंजीवांनी हे मान्य केलं, पण हार मानली नाही, आणि पुढचा त्याचा मुद्दा मला तरी कमकुवत वाटला नाही.

भाचा: ठीक आहे, घडणावळ म्हण. पण घडणावळ हा लबाडीचा पैसा नाही ना? लोक सोनं लगडीच्या रूपात गळ्यात घालत नाहीत. आणि तुझा हिशेब पिजन पद्धतीपुरता खरा. मॅग्नेशियम क्लोराइडच्या विद्युतविघटनानेही मॅग्नेशियम निघतं. आमच्या ॲसिडच्या टाकीतून बाहेर काय पडतं? मॅग्नेशियम क्लोराइडच! ते वितळवून वीज सोडली की मॅग्नेशियम परत आणि क्लोरीनही परत. क्लोरीनचं पुन्हा ॲसिड. सगळं चक्रात फिरलं की खर्च होते ती वीज, आणि ती सूर्याची असू शकते.

मावशी: कागदावर सुंदर आहे. टाकीतून मॅग्नेशियम क्लोराइड बाहेर पडतं ते पाण्यात विरघळलेलं. आटवलं की पाण्याचे रेणू धरूनच स्फटिक होतं. ते नुसतं तापवून कोरडं करायला जा, पाणी जाता जाता ॲसिडची वाफ निघते आणि उरतं ऑक्सिक्लोराइड, म्हणजे सगळं गाडं परत ऑक्साइडकडे. कोरड्या हायड्रोजन क्लोराइडच्या झोतात वाळवावं लागतं. पाइप, व्हॉल्व्ह, सगळं खातं ते. ज्यांनी हे कारखाने चालवले त्यांना विचार.

भाचा: म्हणजे अवघड आहे. अशक्य नाही.

मावशी: अशक्य मी म्हटलंच नाही. गोंदियाला नको, एवढंच.

चहा झाला. मुलाने दुसऱ्या बाजूने चढाई केली: रूपांतराची कल्पना सिलिकॉनपुरती कशाला बघायची? इस्रायलमध्ये वाइझमन संस्थेच्या रेशेफ टेने यांनी टंगस्टन ऑक्साइडवर हायड्रोजन सल्फाइड सोडून टंगस्टन सल्फाइडचे कांद्यासारखे थर असलेले पोकळ कण आणि नळ्या केल्या. युक्ती ऐकण्यासारखी आहे. ऑक्साइडच्या कणाचा अगदी बाहेरचा एक-दोन थर आधी सल्फाइड होतो, आणि त्या कवचामुळे शेजारचे कण एकमेकांना चिकटत नाहीत. मग आतलं द्रव्य सावकाश बदलत राहतं. असे कण वंगणात घालण्यासाठी विक्रीलाही आले. टायटॅनियम ऑक्साइडच्या नळ्या अमोनियात तापवून नायट्राइड करतात, म्हणजे मुळात जेमतेम वीज वाहणारी नळी धातूसारखी वाहू लागते. झिंक ऑक्साइडच्या पापुद्र्यावर सेंद्रिय रेणूची वाफ सोडून त्याचं संपूर्ण सच्छिद्र स्फटिक करणं बेल्जियममधल्या ल्यूवेनच्या लोकांनी २०१६ मध्ये जमवलं. या यादीवर मावशीने फारसा वाद घातला नाही. वायूने होणारी क्रिया तिला मुळात आवडते. वायू आत जातो, वायू बाहेर येतो, धुवायला काही उरत नाही. “मॅग्नेशियमचा दोष हाच की ते ऑक्सिजन घेऊन तिथेच ठाण मांडतं,” असं ती म्हणाली.

मावशी: आता तुझ्या पाचशे चौरस मीटरकडे येऊ. ते बॅटरीत गुण आहे की दोष?

भाचा: (जरा वेळाने) दोष. पहिल्या चार्जिंगला इलेक्ट्रोलाइट सिलिकॉनच्या पृष्ठभागावर विघटन पावतो आणि थर धरतो. जितका पृष्ठभाग जास्त तितकं लिथियम त्यात कायमचं अडकतं.

मावशी: आणि दोन-तृतीयांश पोकळ असलेली पूड बॅटरीत भरायची. ग्राहक मोबाइलमध्ये वजन विकत घेत नाही, जागा विकत घेतो.

भाचा: म्हणून पोकळी किती, छिद्र केवढं, बाहेरून बंद की उघडं, हे सगळं जुळवावं लागतं. बाहेरून कार्बनचा लेप द्यायचा, आतली जागा तेवढी मोकळी ठेवायची. आणि बाजारानेही पोकळीच मान्य केली आहे, मावशी! अमेरिकेतली ग्रुप फोर्टीन कंपनी आधी सच्छिद्र कार्बन करते आणि त्याच्या छिद्रांत सिलेन वायूपासून सिलिकॉन जमवते. सिला नावाची कंपनी, तिचा एक संस्थापक जॉर्जिया टेकचाच प्राध्यापक. त्यांचं सिलिकॉन २०२१ मध्ये मनगटावरच्या व्हूप पट्ट्याच्या बॅटरीत आलं. छिद्राची कल्पना जिंकली.

मावशी: छिद्र जिंकलं, तुझं रूपांतर हरलं. त्यांनी सांगाडा स्वस्त कार्बनचा घेतला आणि सिलिकॉन वायूने आणलं. ॲसिडची टाकी नाही, मॅग्नेशियम नाही.

भाचा: सिलेन कशापासून होतो?

मावशी: भट्टीतल्या सिलिकॉनपासून.

भाचा: मग घडणावळ तिथेही आहेच. फक्त सोनार वेगळा.

यावर ती मनापासून हसली. तिला असं उत्तर देणारा माणूस आवडतो. पण मुलाचा हा मुद्दा अर्धाच खरा आहे, असं मी नोंदवून ठेवतो. सिलेनच्या मार्गात सिलिकॉनचा वायू करून परत सिलिकॉन करतात. मध्ये ऑक्साइड येत नाही, त्यामुळे ऑक्सिजन सोडवण्याचा खर्च दुसऱ्यांदा पडत नाही. हा फरक लहान नाही. तुसाच्या बाजूने बोलायचं तर एवढंच, की तो साचा फुकट आहे आणि दरवर्षी नव्याने येतो. धानाच्या वजनाचा साधारण पाचवा हिस्सा तूस, तुसाच्या वजनाचा साधारण पाचवा हिस्सा राख, आणि राखेत बहुतांश सिलिका. एक टन तुसातून, सगळं जमलं तर, ऐंशी-पंच्याऐंशी किलो सिलिकॉन. भंडारा-गोंदियाच्या गिरण्यांकडे तुसाला तोटा नाही, म्हणजे साच्याच्या मालाची अडचण नाही. अडचण त्याच्या पुढच्या प्रत्येक पायरीवर आहे.

मावशी: एक सांग. असं काही आहे का, जिथे ही जाळी मिलिग्रॅममध्ये लागते? ग्रॅमसुद्धा नको.

भाचा: आहे ना. वायूचे सेन्सर. २००७ च्या त्याच कामात त्यांनी एका डायाटमच्या कवचाला, एकाच, विजेची जोडणी करून नायट्रिक ऑक्साइड ओळखून दाखवला होता. तिथे पृष्ठभाग जितका जास्त तितकं चांगलं.

मावशी: मग तिथे मी गप्प. मिलिग्रॅमला सोळा मिलिग्रॅम ॲसिड लागलं तर कोण विचारतो? घडणावळ तिथे पूर्ण वसूल. तुम्ही लोक बॅटरीच्या मागे का लागता, तेच मला कळत नाही.

भाचा: बॅटरीला निधी मिळतो.

मावशी: हे मात्र खरं बोललास.

मग ती माझ्याकडे वळली. “भाऊजी, तुमच्या भावाला फोन लावा. म्हणावं, बॉयलरची राख साठवून ठेवू नका. पोलादवाले ओतकामात वितळलेल्या धातूवर पांघरूण म्हणून ही राख वापरतात, सिमेंटवालेही घेतात. दोघांकडे भाव काढा. कोणी सिलिकॉनचा कारखाना टाकायला भांडवल मागायला आलं, तर त्याला मॅग्नेशियम कुठून आणणार आणि धुतलेलं पाणी कुठे सोडणार, हे दोनच प्रश्न विचारा. आणि गिरणीतली पोतंभर तुसं, न जाळलेली, या पोराला पाठवून द्या.”

“पोतंभर कशाला?” मुलगा म्हणाला. “डबाभर पुरतील.”

“डब्यात तू परत ग्रॅमच करशील. पोतं घे, एका खेपेला निदान अर्धा किलो करून बघ आणि ढिगाच्या मधोमध थर्मोकपल खुपस. नऊशेच्या खाली राहिलं तर मला आकडे पाठव.”